मिठाचा हिशेब : आखातातल्या बागेवर निघालेल्या भाच्याला कानमंत्र



अमिरातीतल्या समुद्रकाठच्या एका मोठ्या रिसॉर्टवर बागेचा सुपरवायझर म्हणून तुझं नक्की झालं, हे ताईने फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातून वेल्डर, फिटर, ड्रायव्हर म्हणून आखातात गेलेली माणसं गल्लोगल्ली आहेत. त्या कामाला निघालेल्या पोराला सांगणारे दहा जण भेटतात, पण बागेवर निघालेल्याला सांगणारं सहसा कोणी नसतं. माझी उमेदीची वर्षं तिथल्या बागांमध्ये गेली, म्हणून हे बसून लिहितोय. जपून ठेव आणि तिथे गेल्यावर पुन्हा वाच.

सगळ्याचं सार आधीच सांगतो. इथला माळी पाण्याचा हिशेब ठेवतो. तिथे मिठाचा हिशेब ठेवावा लागतो. बदलापुरात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मातीतलं मीठ धुऊन उल्हास नदीत जातं आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. दुबईत अख्ख्या वर्षाचा पाऊस साधारण शंभर मिलिमीटर. तू पाइपातून जे पाणी देशील ते उडून जाईल आणि त्यातलं मीठ मुळाशी राहील. इथे आभाळ फुकट करतं ते काम तिथे तुला रोज पाण्याने करायचं आहे. पुढचं सगळं यातूनच निघतं.

निघण्याआधी

कागद आधी. तू दहावीच्या पुढे शिकलेला आहेस, म्हणून तुझ्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे परदेशी कामाला जाण्यासाठी सरकारी मंजुरी हवी असा शेरा, नाही. तुझ्याबरोबर जाणाऱ्या ज्या मुलांची दहावी झालेली नाही, त्यांना सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून मंजुरी घ्यावीच लागते आणि त्यांचा प्रवासी भारतीय बीमा काढावा लागतो. त्यांना हे तू सांग. एजंट नोंदणीकृत आहे का ते त्याच पोर्टलवर दिसतं. त्याने घ्यायची फी सरकारने जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी इतकी ठरवली आहे. ‘आधी व्हिजिट व्हिसावर चल, मग बघू’ म्हणणाऱ्याबरोबर कधीही जायचं नाही. अमिरातीत मालकाने कामगाराचा पासपोर्ट स्वतःकडे ठेवणं कायद्याला धरून नाही आणि पगार बँकेमार्फत सरकारी देखरेखीखाली जमा व्हावा अशी व्यवस्था २००९ पासून आहे. एवढं माहीत असलं की माणूस ताठ मानेने बोलतो.

दुसरं, घरीच एक प्रयोग कर. दोन सारख्या कुंड्यांत रेती भरून हरळी लाव आणि पत्र्याखाली ठेव. बारवी धरणाच्या गोड पाण्यात लिटरला दीड ग्रॅम मीठ विरघळव आणि तेच पाणी दोन्हींना दे. एका कुंडीला रोज इतकंच दे की तळाच्या भोकातून थेंबही गळू नये. दुसरीला दर वेळी थोडं गळेपर्यंत दे. काही आठवड्यांत पहिल्या कुंडीवर पांढरा थर धरेल आणि हरळीची टोकं करपतील. पुस्तकातली दहा पानं वाचण्यापेक्षा हे एकदा डोळ्यांनी बघ.

तिसरं, पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रात जाऊन ये. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं हे केंद्र खाऱ्या जमिनीतल्या भातावर काम करतं. खाडीकाठचा शेतकरी बांध घालून भरतीचं पाणी अडवतो, पहिल्या पावसाचं पाणी शेतात कोंडतो, मीठ विरघळू देतो आणि ओहोटीला उघाडीतून बाहेर सोडतो. मग लावणी. आखातातला इंजिनीअर ज्याला लीचिंग म्हणतो ते हेच. आपल्या आगरी-कोळी गावांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्यामुळे तिथे गेल्यावर आपण अडाणी आहोत असं मनात आणू नकोस.

आधी पाणी मोज, मग झाडाचं बोल

खिशात एक छोटं ईसी मीटर, म्हणजे पाण्याची विद्युतवाहकता मोजणारं यंत्र, कायम ठेव. पाण्यात मीठ जितकं जास्त तितका त्याचा ईसी जास्त. १ ईसी (१ डेसिसीमेन्स प्रति मीटर) म्हणजे लिटरला साधारण ६४० मिलिग्रॅम क्षार. समुद्राच्या पाण्याचा ईसी पन्नासच्या वर असतो आणि आखाताचा समुद्र त्याहूनही खारट.

रिसॉर्टच्या बागेला बहुतेक ठिकाणी शुद्ध केलेलं सांडपाणी मिळतं. त्याला तिथे सगळे टीएसई म्हणतात. त्याचे पाइप आणि झाकणं सहसा जांभळ्या रंगाची असतात. तुझ्या माणसांनी त्या नळाचं पाणी प्यायचं नाही, त्याने तोंड धुवायचं नाही, आणि तलावाच्या किंवा जेवणाच्या जागेजवळ त्याचे तुषार उडवायचे नाहीत. या पाण्यात नत्र आणि स्फुरद आधीच असतं, म्हणून प्रयोगशाळेचा अहवाल हातात आल्याशिवाय खताची गोण फोडू नकोस. लॉनला गरजेपेक्षा जास्त नत्र गेलं की ते माजतं, मऊ पडतं आणि बुरशीला बळी पडतं.

टाकीवर मोजलेला ईसी पुरेसा नाही. लाइनीच्या शेवटच्या ड्रिपरखाली वाटी लाव, तिथलं पाणी मोज आणि दाबही तपास. आजारी झाडं लाइनीच्या शेपटाकडेच सापडतात. फिल्टर रोज बघायचा. ठिबकच्या नळ्यांची टोकं ठरलेल्या दिवशी उघडून वाहू द्यायची, नाहीतर क्षार साचून भोकं बुजतात.

मीठ खाली ढकल

किती पाणी जादा द्यायचं याचं एक साधं गणित आहे. पाण्याच्या ईसीला भाग द्यायचा तो झाडाला सोसणाऱ्या मातीच्या ईसीच्या पाचपटीतून पाण्याचा ईसी वजा करून. खजुराला मातीचा ईसी ४ पर्यंत काही होत नाही. पाणी २ ईसीचं असेल तर २ भागिले १८, म्हणजे अकरा टक्के. झाडाची गरज १०० लिटर असेल तर सुमारे ११२ लिटर द्यायचं. वरचे बारा लिटर झाड पीत नाही, ते मीठ घेऊन मुळांच्या खाली जातात. पाणी वाचवायला सांगणारा साहेब नेमके हेच बारा लिटर कापायला निघतो. त्याला हे गणित कागदावर मांडून दाखव, वाद घालू नकोस. पाणी वाचवायचं असेल तर लॉनचं क्षेत्र कमी करा म्हणावं. सगळ्यांत जास्त पाणी तेच पितं.

वाळू पूर्ण सुकू द्यायची नाही, कारण ओल कमी झाली की उरलेल्या ओलीतलं मीठ दाट होतं. रोजचं पाणी चालू ठेव आणि ठरावीक दिवसांनी एकदा लांब पाळी दे.

ठिबकमध्ये मीठ ओल्या गोळ्याच्या कडेला जाऊन बसतं. झुडूप वाढलं की त्याची मुळं त्या कडेपर्यंत पोचतात आणि करपतात. म्हणून झाडाबरोबर ड्रिपरही बाहेर सरकवायचे.

आता एक गोष्ट अशी सांगतो जी नवख्याला उलटी वाटते. हलका पाऊस पडला की ठिबक बंद करायचं नाही. थोड्या पावसाने कडेचं आणि वरचं मीठ विरघळून थेट मुळांत उतरतं. त्या वेळी ठिबक चालू असेल तर ते मीठ बाहेर ढकललं जातं. पाऊस पडला म्हणून टायमर बंद करून निवांत बसणारा सुपरवायझर दोन दिवसांनी पिवळी पानं मोजत फिरतो.

तुषार फक्त पहाटे. दुपारी उडवलेलं खारट पाणी पानावर सुकतं आणि पान भाजतं. संध्याकाळी दिलं तर पान रात्रभर ओलं राहतं. समुद्रकाठी उन्हाळ्याच्या रात्री दमट असतात आणि लॉनमध्ये बुरशीचे डाग उठतात. पहाटे दिलेलं पाणी सूर्य वर आला की पानावरून सुकून जातं.

माती बघून घे

किनाऱ्यावर आणि भराव घालून केलेल्या बेटांवर बरीचशी वाळू समुद्रातून उपसलेली असते. ती धुतल्याशिवाय तिच्यात काही लावायचं नाही. कंत्राटदार ‘स्वीट सॉइल’ म्हणून जी माती आणतो तिचा प्रत्येक ट्रक मीटरने तपास. नुसतं नाव गोड असून चालत नाही. कोकोपीटही तसंच घेऊ नकोस, काही मालात मुळातच मीठ असतं.

खड्डा खणलास की त्यात पाणी भर आणि बघ. दोन-चार तासांत उतरलं नाही तर खाली कडक थर आहे. तो फोडल्याशिवाय ताड-माड काहीही जगणार नाही. समुद्राच्या अगदी जवळ खारं भूजल फार वर असतं आणि वाळूतून वर चढतं. तिथे वाफे उंच कर आणि तळाशी जाड खडीचा थर दे, म्हणजे ओल वर चढत नाही.

तिथली माती चुनखडीची, सामू आठच्या वर. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की लोह कमी पडतंय असं समज. आपल्याकडे हिराकस टाकतात. तिथल्या मातीत ते लगेच अडकून पडतं आणि झाडाला मिळत नाही. ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह माग. महाग असतं, पण लागू पडतं.

काय लावावं

तिथलं मानाचं झाड म्हणजे आपली शमी. दसऱ्याला आपण पूजतो तीच. तिथे तिला घाफ म्हणतात. ते अमिरातीचं राष्ट्रीय झाड आहे आणि २०१९ साली त्यांनी साजऱ्या केलेल्या सहिष्णुता वर्षाचं चिन्हही तेच होतं. उल्हासनगरच्या कॅम्पात एखाद्या वयस्कर सिंधी गृहस्थांना या शमीबद्दल, म्हणजे त्यांच्या कंडीबद्दल, विचार. सिंधमध्येही वाळवंट आणि समुद्र शेजारी आहेत, आणि फाळणीनंतर इथे आलेल्या घरांतून त्या झाडाच्या आठवणी अजून निघतात. शमीची मुळं फार खोल जातात. तिला लॉनच्या मधोमध लावून रोज पाणी पाजलं तर मुळं वरच राहतात आणि वाऱ्याने झाड कलंडतं. तिला लॉनपासून दूर ठेव, आणि रुजल्यावर पाण्याच्या पाळ्या लांबव.

लॉनसाठी दोनच गवतं मनात ठेव. एक हरळी आणि दुसरं पास्पालम. हरळी मीठ बऱ्यापैकी सोसते, पण थंडीत तांबूस पडते. तेव्हा ऑक्टोबरमध्ये तिच्यावर रायग्रास पेरून हिरवा रंग राखतात. पास्पालम मूळचंच समुद्रकाठचं, खाऱ्या पाण्यावर ते हरळीपेक्षा तगडं ठरतं. त्याला नत्र कमी लागतं, पण खाली मेलेल्या काड्यांचा थर साचतो. तो वेळेवर विंचरून काढावा लागतो.

किनाऱ्याला लागून पहिल्या रांगेत मर्यादावेल लाव. आपल्या कोकणच्या पुळणींवर ती आपोआप पसरते आणि वाळू धरून ठेवते. तिच्या मागे कुंपणाला वनजाई, मग बोगनवेल आणि मग चाफा. थेट खारा वारा पहिल्या दोन रांगांनी झेलला की मागची नाजूक झाडं जगतात. फुलांचे वाफे ऋतूने बदल: ऑक्टोबर ते एप्रिल पिटुनिया, उन्हाळ्यात सदाफुली आणि चिनी गुलाब. उन्हाळ्यात पिटुनिया जगवण्याचा हट्ट कोणी धरला तर तारखा दाखवून नाही म्हण.

कोनोकार्पस तुला तिथे सगळीकडे दिसेल. झटपट वाढतो, दाट होतो, धूळ अडवतो. पण त्याची मुळं पाइप आणि गटारं शोधत जातात. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. नवीन लावू नकोस, आणि आहे तो पाण्याच्या लाइनीपासून दूर राहील याकडे लक्ष दे.

खजुराला रोज हात लाव

रिसॉर्टच्या आवारातली सगळ्यांत महाग वस्तू म्हणजे वाढलेला खजूर. त्याचा वैरी तू ओळखतोस. कोकणात माडाला पोखरणारा सोंड्या भुंगा, तोच तिथे खजूर संपवतो. १९८०च्या दशकाच्या मध्याला तो आखातात पोचला आणि तेव्हापासून तिथल्या बागायतदारांच्या मानगुटीवर बसलेला आहे. अळी खोडाच्या आत खाते. बाहेर कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून खोडावरून हात फिरव. तपकिरी चिकट पाझर, आंबूस वास, भोकाशी चघळलेला भुसा, अचानक सुकलेला बुंध्याचा फुटवा, यांतलं एकही दिसलं तर त्याच दिवशी वर कळव. झावळी कापल्यावर ताज्या जखमेच्या वासाने भुंगा येतो. म्हणून मोठी छाटणी थंडीत कर आणि कापलेल्या जागी लगेच औषध लाव. कामगंध सापळे झाडांपासून जरा दूर, सावलीत लाव. त्यातलं पाणी आटू देऊ नकोस.

नवीन खजूर लावताना शेंड्याचा कोंब मातीत गाडला जाणार नाही इतकीच खोली ठेव. झावळ्या बांधलेल्या ठेव आणि नवीन पान येईपर्यंत आळं कोरडं पडू देऊ नकोस. लागवड गरम होऊ लागलेल्या हवेत कर. खजुराची मुळं उष्णतेत चालतात.

फळं कुठे ठेवायची ते आधीच ठरव. पोहण्याच्या तलावाच्या कडेच्या झाडांचे घोस लहान असतानाच काढ. पिकलेला खजूर फरशीवर पडला की डाग पडतात, माणसं घसरतात आणि गांधीलमाश्या जमतात. दूरच्या झाडांना परागण करून घोस जाळीत बांध. पाहुण्यांना झाडावरचा खजूर दाखवण्यात बागेचा मान आहे.

वारा, पाऊस, पाहुणे

शमाल म्हणजे वायव्येचा वारा. दोन-तीन दिवस वाहतो आणि पानांवर मीठ व धूळ बसवून जातो. वारा थांबला की पहाटे बऱ्या पाण्याने झाडं धुऊन काढ, ड्रिपरवरची वाळू उपस आणि नवीन झाडांच्या ताणाच्या दोऱ्या तपास.

पाऊस कमी म्हणून निचरा विसरू नकोस. १६ एप्रिल २०२४ ला अमिरातीत एका दिवसात काही ठिकाणी अडीचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला आणि दुबईचे रस्ते पाण्याखाली गेले. २६ जुलै २००५ चा महापूर काढलेल्या बदलापूरकराला निचऱ्याचं महत्त्व दुसऱ्या कोणी सांगायला नको. पाणी उतरलं की मुळांवर बसलेला गाळ काढ आणि ईसी नव्याने मोज.

पाहुणा विश्रांतीसाठी पैसे मोजून आलेला असतो. मशिनं सकाळी उशिरा, हातकाम पहाटे. मुलांच्या खेळाच्या जागेजवळ कण्हेर नको, तिचं पान-फूल-काडी सगळं विषारी. खजुराच्या झावळीचे काटे माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला आले की लगेच काढ.

किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात का ते विचार. अबू धाबीच्या सादियात बेटावर घालतात. त्या महिन्यांत बागेचे दिवे समुद्राकडे तोंड करून ठेवायचे नाहीत. पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्राची वाट चुकतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून गावकरी घरटी राखतात, त्यांनाही हे ठाऊक आहे.

माणसं

तुझ्या हाताखाली नेपाळची, बांगलादेशची, पाकिस्तानची, केरळची माणसं असतील. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी आहे आणि हा नियम २००५ पासून आहे. तू तो घड्याळाच्या काट्यावर पाळ. वरून कितीही घाई झाली तरी त्या वेळेत कोणाच्या हातात खुरपं द्यायचं नाही. पहाटे पाचला काम सुरू कर. पाण्याची टाकी सावलीत ठेव आणि पाण्याबरोबर मीठ-साखर दे. घाम थांबला, बोलणं अडखळलं, पाय लटपटले की माणसाला सावलीत आणून ओलं कर आणि ताबडतोब रुग्णवाहिका बोलव. झाड मेलं तर दुसरं येतं. घरी कोणी वाट बघत असलेला माणूस परत येत नाही.

माळ्याला काम सांगताना कारणही सांग. ‘तो ड्रिपर सरकव’ एवढ्याने तो आज सरकवेल. मीठ कुठे बसतं हे त्याला वाळू उकरून दाखवलंस तर तू रजेवर असतानाही सरकवेल.

वही

पहिल्या महिन्यात नवीन काही लावू नकोस. आवाराचे भाग पाड आणि प्रत्येक भागाचं पान कर. त्यात पाण्याचा ईसी, मातीचा ईसी, शेवटच्या ड्रिपरचा दाब, पाण्याची वेळ आणि झाडाची तब्येत लिही. दर आठवड्याला त्याच जागी, त्याच खोलीवर मोज. आकडा वर चढू लागला की पान पिवळं पडायच्या आधी तुला कळेल, आणि तेव्हा एक लांब पाळी दिली की भागतं. पान पिवळं पडल्यावर तीच चूक झाड बदलून निस्तरावी लागते. वरच्या साहेबाला पाणी मागायला जाशील तेव्हा हीच वही पुढे कर. आकड्यांपुढे कोणी आवाज चढवत नाही.

वही इंग्रजीत ठेव, म्हणजे तुझ्यानंतर येणाऱ्यालाही ती वाचता येईल. तो कुठल्याही देशाचा असो, त्याला ही बाग तुझ्याकडून जिवंत मिळायला हवी.

पोचलास की आधी ताईला फोन कर. मग आठवड्याने मला कर, आणि हिरवळीचे फोटो पाठवण्याआधी शेवटच्या ड्रिपरचा ईसी किती आला ते सांग. पुढचं तिथून ठरवू.

तुझा मामा